रोपवेनं गेल्या म्हणे!

“आक्का रायगडावर रोपवेनं गेल्या म्हणे!”

ही बातमी आमच्या आळीत आक्कांच्या आधी पोचली. आक्का अजून वरंध घाटात एसटीच्या खिडकीला डोकं लावून पेंगत असतील, तेवढ्यात इकडं बचत गटाच्या ग्रुपवर फोटो येऊन पडला. पाळण्यात आक्का, शेजारी त्यांची पुण्याची मैत्रीण, आणि खाली हिरकणीवाडीची घरं एवढी एवढीशी. फोटो टाकला त्या मैत्रिणीनंच. तिला काय ठाऊक, शिरवळात एका फोटोवर किती दुपारी निघतात ते!

समोरच्या काकूंनी तर निकालच देऊन टाकला. “राजगडावरनं चालत निघाल्या, गावभर सांगून निघाल्या, आणि शेवटच्या घटकेला पाळण्यात बसल्या? मग घरूनच गाडी करायची होती की. गुडघे तरी वाचले असते.”

आता तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या काकू एसटी स्टँडच्या पलीकडं चालत गेल्याचं कुणाला आठवत नाही. पण निकाल द्यायला चालावं कुठं लागतं?

मला मात्र चैन पडेना. कारण आक्का निघाल्या तेव्हा त्यांच्या सॅकमध्ये दशम्यांचा डबा कोंबायला मीच होते. साठीला टेकलेली बाई, जन्मभर म्हशींची धार काढली, पोरं शिकवली, सून कामाला जाते म्हणून नातवंडाला शाळेत सोडलं. ती एक दिवस उठून राजगड, तोरणा, रायगड असं पायी निघते म्हणजे गंमत नाही. कॉलेजची पोरं या वाटेला ‘आर टू आर’ म्हणतात आणि उतरल्यावर आठवडाभर लंगडतात. तेव्हा खरं काय ते आक्कांच्याच तोंडून ऐकायचं, असं ठरवून दुसऱ्या दिवशी सकाळी मी कंपाउंडच्या भिंतीशी गेले. भिंत छातीएवढी, गिलावा न केलेली. तिच्यावर आक्कांचे बूट उलटे घालून वाळत टाकलेले, शेजारी गुडघ्याला बांधायची धुतलेली पट्टी. पट्टी दोन गुडघ्यांपुरती होती, आणि आक्कांचे दोन्ही गुडघे तर धडधाकट. तिथंच मला वास आला की गोष्ट वेगळी आहे.

“या,” आक्का म्हणाल्या. शेवग्याच्या शेंगा पाडत होत्या. “तू अजून कशी आली न्हाईस, म्हणून वाटच बघत होते. काय म्हणतीय आळी?”

“आळी म्हणते, आक्का रोपवेनं गेल्या.”

“गेले की.”

बघा, एका शब्दात. मी पुढचं काय बोलणार?

पण आक्कांना सुरुवातीपासून सांगायची सवय. त्या मागे गेल्या, थेट ३ जानेवारीवर. सावित्रीबाईंच्या जयंतीला आमच्या बायका दरवर्षी नायगावला जातात, शिरवळपासून जवळच. तिथल्या गर्दीत ही शाळेतली मैत्रीण भेटली. दोघी एका संघातून खो-खो खेळायच्या. आक्का तिला अजून ‘गडीण’च म्हणतात. लग्नं झाली, एक इथं राहिली, एक धनकवडीला गेली, मग नुसती कार्यात गाठभेट. त्या दिवशी जेवणाच्या पंगतीत गडीण म्हणाली, “यंदा साठ लागलं. काहीतरी करू या.” आक्कांना वाटलं, पंढरपूर म्हणेल, फार तर अष्टविनायक. ती म्हणाली, “राजगडावरनं रायगडावर जाऊ. चालत.”

“तुम्ही हो म्हणालात?”

“जेवताना न्हाई म्हणायचं नसतं,” आक्का म्हणाल्या.

घरी काय झालं ते आम्ही भिंतीअलीकडून ऐकलंच होतं. आक्कांचे मालक पेपर खाली न घेता एवढंच म्हणाले, “मग जेवणाचं काय?” मुलगा म्हणाला, “एखाद्या ग्रुपबरोबर जा, पैसे भरतो.” सून तेवढी शहाणी. तिनं आपले बूट काढून दिले, आणि दोन दिवस आधीपासून घालून भाजी आणायला लावलं. शेवटी वाटेवरच्या मोहरी गावचा एक वाटाड्या मुलानं ओळखीतून गाठून दिला, तेव्हा घर शांत झालं.

शिरवळहून पुण्याच्या एसटीत बसायचं, चेलाडीला, म्हणजे नसरापूर फाट्याला उतरायचं. तिथून वेल्ह्याच्या रस्त्याला लागायचं, मार्गासनीला वळायचं, साखर, मग गुंजवणे. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आक्का एसटीत बसल्या की खिडकीशी अशा ऐटीत बसतात जशी काही गाडी त्यांनीच घेतली. गुंजवण्याला एका घरी मुक्काम. गडावर झोपायचं नाही, वस्तीत झोपायचं, हे दोघींनी आधीच ठरवलेलं. “गडावर जाऊन वाऱ्यात कुडकुडायला आम्ही काय कॉलेजात हाय का?”

चोरदरवाजाची वाट कशी आहे, ते ज्यांनी चढली त्यांना ठाऊक. शेवटच्या टप्प्याला कातळ सरळ उभा, हाताला लोखंडी रेलिंग. “ते गज थंडीत असे गार, की हात चिकटल्यासारखा वाटतो. पुढं ती, मागं मी. ती मधेच थांबली. मी म्हटलं, काय झालं? म्हणती, मागं बघू नकोस. आता असं म्हटल्यावर कोण न्हाई बघणार?”

“मग?”

“मग काय. गुंजवणं दिसलं. आमचं जेवण झालेलं घर दिसलं. तिथली कोंबडीसुद्धा दिसली असती.”

त्या दारातून वर आलं की पद्मावती तळं. तिथून पुढं आक्कांनी राजगड कसा पाहिला, हे ऐकण्यासारखं आहे, कारण इतिहासाच्या पुस्तकात तो असा नसतो. पंचवीसेक वर्षं महाराजांची राजधानी इथं. सईबाई इथंच गेल्या, १६५९ साली. राजाराम महाराज इथंच जन्मले, १६७० ला. हे सगळं गडीण वाचून आली होती आणि पायरीपायरीला सांगत होती. आक्का मात्र पाणी शोधत होत्या. “एवढी माणसं वर राहायची म्हणजे पाणी कुठनं यायचं? तर जिथं तिथं टाकी. कातळात खोदलेली. दगड काढला तो तटाला लावला, खड्डा राहिला त्यात पाणी साठवलं. एका कामात दोन कामं. आमच्या ह्यांना मोरी बांधताना एवढं सुचलं असतं तर!”

आणि दुसरं म्हणजे शौचकूप. तुम्ही हसाल, पण आक्कांनी त्यावर मला चांगलं अर्धं गप्पाष्टक दिलं. तटातच बसायची जागा, खालून बाहेरच्या बाजूला उतार काढलेला, पाणी टाकलं की कड्यावरून खाली. “गडीण म्हणाली, चल, संजीवनी माची बघू, दुहेरी तट बघू. मी म्हटलं, थांब. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्यानं हे बांधलं, त्याला बायामाणसांची, पहाऱ्यावरच्या गड्यांची अडचण कळली होती. आणि आपल्याकडं अजून बाजाराच्या दिवशी बाई घरून पाणी न पिता निघती.” रायगडावर राणीवशातल्या प्रत्येक महालाला अशी सोय आहे, तेही त्यांनी मोजून आल्यासारखं सांगितलं. गड बघायला जाणाऱ्या पुरुषांच्या तोंडून मी हे कधी ऐकलं नव्हतं. ते तोफा मोजतात.

संजीवनीच्या टोकाकडून अळू दरवाजानं उतरलं की सोंड धरून तोरण्याकडं निघायचं. डोंगराच्या धारेवरून चढउतार, दोन्ही बाजूंना दरी, मधे खिंडीत डांबरी रस्ता आडवा येतो. खिंडीजवळच्या वस्तीवर रात्र. पिठलं, तांदळाची भाकरी आणि अंथरायला घोंगडं. “घोंगडं टोचतं, पण पाठीला बरं वाटतं,” एवढंच आक्का त्या मुक्कामाबद्दल बोलल्या.

तोरण्यावर मात्र त्या रागावून आल्या. कुणावर? युनेस्कोवर!

“ऐक. ११ जुलै २०२५ ला ती यादी झाली ना, जागतिक वारशाची? बारा किल्ले. राजगड त्यात हाय, रायगड हाय. अकरा महाराष्ट्रातले, एक तिकडं तमिळनाडूत, जिंजी. आणि मधला आमचा तोरणा? न्हाई! पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच गड. स्वराज्याचं तोरण बांधलं म्हणतात तो गड. त्याची डागडुजी करताना धन सापडलं, त्या पैशात राजगड उभा राहिला, असं सांगतात. म्हणजे ज्याच्या पैशातनं घर बांधलं, त्याचंच नाव पाटीवर न्हाई!”

मी म्हटलं, यादी करणाऱ्यांचे काही निकष असतील. आक्का म्हणाल्या, “असतील. पण त्यांनी रडतोंडीच्या वाटेनं चढून बघितलं असतं तर निकष बदलले असते.” बुधला माचीकडून चढताना शिडी लागते आणि जीव अर्धा होतो. रडतोंडी बुरूज हे नाव त्यातूनच पडलं असावं, असा आक्कांचा तर्क. मी त्यात पडत नाही. एवढं मात्र खरं, की औरंगजेबाला दक्षिणेत बरेचसे किल्ले पैसे चारून, वाटाघाटी करून मिळाले. तोरणा १७०४ मध्ये त्याला लढून घ्यावा लागला, आणि मग त्यानं त्याचं नाव ठेवलं फुतुहुल्गैब. हे नाव आक्कांना तीनदा म्हणूनही जमलं नाही. शेवटी म्हणाल्या, “म्हणून टिकलं न्हाई.”

गडावरच्या मेंगाईच्या देवळात दोघींनी ओटी भरली. ओटीचं सामान आक्कांनी शिरवळहून नेलेलं, तांदूळ-खण-नारळ सगळं. गडिणीनं विचारलं होतं, एवढं ओझं कशाला? ओझ्याचं कारण तिला देवळात कळलं, कारण नारळ फोडल्यावर दोघींनी खोबरं-गुळावर पुढची दुपार काढली.

तोरण्यावरून खाली उतरून मोहरीपर्यंतची चाल आक्कांनी दोन वाक्यांत उरकली. “चालतच राहायचं. लई कंटाळा.” हारपुड, वरोती अशी गावं लागतात, रानातून, शेतातून, कधी कच्च्या रस्त्यावरून वाट जाते. गडाच्या गोष्टी लिहिणारे हा दिवस गाळतात. पण खरी चाल हीच, असं मला वाटतं. वर कडा नाही, खाली दरी नाही, फोटो काढावा असं काही नाही, आणि जोडीदाराशी बोलायचे विषय संपलेले. त्या दिवशी दोघींमध्ये पहिली ठिणगी पडली म्हणे, पाण्याच्या बाटलीवरून. कुणी शेवटचा घोट घेतला, यावर. साठीच्या दोन बायका!

“मग अबोला?”

“अबोला कसला. मोहरी येईस्तवर ती पुढं, मी मागं. खो-खोतसुद्धा असंच व्हायचं.”

मोहरी म्हणजे घाटमाथ्याच्या अगदी काठावरचं गाव. पुढं जमीन संपते आणि कोकण सुरू होतं, पण ते फार खाली. सिंगापूर तिथलं शेजारचं गाव. नावावर जाऊ नका, विमानतळ नाही. मोहरीत ज्या घरी उतरल्या त्या घरची म्हातारी चुलीपुढं बसून नाचणीच्या भाकरी थापत होती. तिनं दोघींकडं निरखून बघितलं आणि विचारलं, “घरात भांडण झालंय का?”

दोघी हसायला लागल्या आणि बाटलीचं भांडण तिथंच मिटलं. म्हातारीनं मग सांगितलं, पूर्वी आम्हीबी नाळ उतरायचो. खाली कोकणात मीठ, सुकी मासळी आणायला, सोयरीक जमवायला, बाळंतपणालासुद्धा. गाडीरस्ता आला तशी पायवाट मोडली. “आता नाळ उतरत्यात ती तुमच्यासारखी,” म्हातारी म्हणाली, “काम नसलेली.”

आक्कांना हे फार लागलं. आणि फार आवडलंही.

आता बोराट्याची नाळ. इथं आक्कांनी शेंगा खाली ठेवल्या. हातांनी दाखवायचं होतं ना! नाळ म्हणजे दोन कड्यांमधली घळ. एका अंगाला रायलिंगाचं पठार, समोर लिंगाणा, सुळक्यासारखा उभा. पावसाळ्यात यातून पाणी कोसळतं, म्हणून उतरायचं ते हिवाळ्यात. पाणी आपल्याबरोबर धोंडे आणतं आणि सोडून जातं. टेबलाएवढे, कपाटाएवढे, आणि त्यांच्या फटींत मुठीएवढे, जे पाय ठेवला की सरकतात. “बसून उतरायचं. हात टेकायचा, मग बूड टेकायचं, मग पाय सोडायचा. साडी असती तर चिंध्या झाल्या असत्या. सुनेची ट्रॅकपँट होती, तिच्या झाल्या.” वाटाड्या पुढं. तो म्हणायचा, “मावशी, माझ्या पावलावर पाऊल ठेवा.” त्याचं पाऊल दीड हाताच्या अंतरावर पडायचं.

आणि अशाच एका धोंड्यावरून गडीण सरकली. पडली नाही. पाय वाकडा आला, एवढंच. ती म्हणाली, काही नाही झालं. आक्कांनी तिच्याकडं बघितलं. खो-खोत गुडघा फुटला तेव्हाही ती अशीच म्हणाली होती, आणि नंतर पंधरा दिवस शाळेत आली नव्हती.

खालच्या अंगाला नाळ सोडून कड्याच्या पोटातून आडवं जावं लागतं. तिथं वाटाड्यानं दोर लावला. गडीण दोराला धरून एका पायावर भार देत पार झाली आणि पलीकडं गेल्यावर मटकन खाली बसली. डोक्यावर लिंगाणा. महाराजांच्या काळात तिथं कैदी ठेवायचे. “वर बघून ती म्हणाली, यातला एखादा कैदी पळाला असेल का गं? मी म्हटलं, पळाला असेल तर याच नाळेतनं, आणि पुढं जन्मभर लंगडला असेल.”

लिंगाण्याची माची, पाने, मग काळ नदीचं खोरं. पान्याला एका घरी हळदीचा लेप लावला, गुडघ्याला पट्टी बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा असा टम्म, की पट्टी बसेना; म्हणून दोन पट्ट्या जोडून बांधल्या. मी भिंतीवरच्या पट्टीकडं बघितलं. मालकीण दुसरीच निघाली की!

आता इथून वाहन मिळालं असतं. गडिणीनं ऐकलं नाही. काठी टेकत, दर फर्लांगाला बसत, ती पाचाडपर्यंत आली. आक्का म्हणाल्या, “मला तिचा राग येत होता आणि तिच्याशिवाय पुढं जावंसंही वाटत न्हवतं. दोन्ही एकदम.” पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी दोघी बराच वेळ बसल्या. राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ ला, आणि जिजाऊ गेल्या १७ जूनला. अकरा दिवस. आक्का म्हणतात, मुलाचं सगळं मार्गी लागलेलं बघितलं आणि मग गेल्या. गडीण म्हणाली, “मलाही वरचं बघायचंय. खाली बसून न्हाई जायचं.”

खरं भांडण इथं झालं. पाचाडला, समाधीच्या बाहेर, भर उन्हात.

गडिणीचं म्हणणं: तू पायऱ्यांनी जा, तुझं पुरं होऊ दे, मी पाळण्यानं येते, वर भेटू. आक्कांचं म्हणणं: एक तर दोघी पायऱ्यांनी, नाही तर दोघी पाळण्यानं. गडीण म्हणाली, तुझ्यामुळं माझ्या डोक्यावर कायमचं ओझं बसेल. आक्का म्हणाल्या, तुला मेंगाईच्या नारळाचं ओझं वाटत होतं, हे कशाला घेतेस? मग गडीण रडली. मग आक्का रडल्या. मग सरबतवाल्यानं दोघींना लिंबू सरबत दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

रायगडाच्या पायऱ्या दीड हजाराच्या घरात. पाळण्याला चार-पाच मिनिटं लागतात. हा रोपवे १९९६ पासून आहे आणि त्याच्यावरून गडप्रेमींमध्ये तेव्हापासून वाद आहे; पण म्हातारे, अपंग, लेकुरवाळ्या अशा किती जणांनी त्याच्यामुळं महाराजांची समाधी पाहिली असेल, हे कुणी विचारत नाही. आक्कांनी तिकीट काढलं. दोन.

“आणि तो फोटो तिनं काढला, मुद्दाम. म्हणाली, लोकांना कळू दे, माझ्यामुळं झालं ते.”

म्हणजे बघा! कबुली म्हणून टाकलेला फोटो आमच्या आळीत पुरावा म्हणून फिरत होता.

वर गेल्यावर दोघी सावकाश हिंडल्या. बाजारपेठ, दरबाराची जागा, जगदीश्वराचं देऊळ, समाधी. हिरोजी इंदुलकरांनी गड बांधला आणि स्वतःचं नाव कोरलं ते जगदीश्वराच्या पायरीपाशी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली. आक्का तिथं वाकल्या आणि नाव हातानं पुसलं. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. “गडीण इतिहास सांगत होती आणि मी विचार करत होते, राजगडावरनं इथं बिऱ्हाड हलवलं कसं असेल? आम्ही दोन सॅक घेऊन आलो तर जीव गेला. त्यांनी दप्तरं आणली असतील, तिजोरी, देव, धान्य, पोरंबाळं. वाट कुठली धरली असेल, सामान कुणी वाहिलं असेल. डोक्यावर घेऊन उतरलेल्या माणसाचं नाव पायरीवरसुद्धा न्हाई.”

उतरताना मात्र आक्कांनी गडिणीला पाळण्यात बसवून दिलं आणि स्वतः पायऱ्यांनी आल्या. महादरवाजातून, सगळ्या पायऱ्या, सावकाश. गडिणीनं खाली त्यांची चांगला तासभर वाट पाहिली. म्हणजे चढल्या नाहीत, पण उतरल्या.

एवढं सांगून झालं आणि मागून आवाज आला. काकू! केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या देव जाणे. हातात कढीपत्ता मागायची वाटी, म्हणजे निमित्त घेऊन आलेल्या.

“पण आक्का, चढायचं ते चढलं न्हाई, हे खरं ना?”

“खरं.”

“मग पुरं झालं म्हणायचं का?”

आक्कांनी बूट उचलून उन्हाकडं फिरवले. “काकू, पाळणा सुटतो ते गाव कुठलं?”

“हिरकणीवाडी.”

“हिरकणीची गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगितली होती लहानपणी. दरवाजे बंद झाले म्हणून ती कड्यावरनं उतरली, तान्ह्या पोरासाठी. महाराजांनी तिला विचारलं का, दरवाजातनं का न्हाई आलीस, मग उतरणं धरायचं न्हाई म्हणून? त्यांनी तिथं बुरूज बांधला.”

काकू गप्प. आमच्या आळीत ही घटना नोंदवून ठेवण्यासारखी आहे.

पण गप्प बसतील तर त्या काकू कसल्या! थोड्या वेळानं म्हणाल्या, “एवढ्या लांब जायचं कशाला पण? गड काय तिकडंच हायत?”

आणि इथं मला तोंड उघडावं लागलं. कारण हा प्रश्न काकूंनी चुकून बरोबर विचारला होता. १६४८ साली आदिलशहानं फत्तेखानाला स्वराज्यावर धाडलं, त्याच्या माणसांनी शिरवळचा सुभानमंगळ किल्ला घेतला. महाराजांनी पुरंदरावरून माणसं पाठवली. कावजी मल्हार त्यांत होता. त्या माणसांनी किल्ला परत जिंकला. स्वराज्याच्या अगदी पहिल्या लढायांपैकी ही एक, आणि ती झाली आमच्या गावात, नीरेच्या काठावर. आज तिथं पडक्या बुरुजाशिवाय फारसं उरलेलं नाही. पांडवदऱ्यातली बौद्ध लेणी तर त्याहून कितीतरी जुनी, तीही इथलीच. मी काकूंना विचारलं, “सुभानमंगळ बघितलाय?”

“बघायचं काय त्यात? दगडं तर हायत.”

आक्का हसल्या. “राजगडावरबी दगडंच हायत, काकू.”

तर माझं मत विचाराल तर आक्कांचा ट्रेक पुरा झाला. ज्या दोघी निघाल्या त्या दोघी वर पोचल्या, आणि दोघी परत आल्या; गडिणीचा गुडघा आता निम्म्यानं उतरलाय, डॉक्टरांनी महिनाभर जिना चढू नको म्हणून सांगितलंय. राहिलेल्या पायऱ्या पुढच्या हिवाळ्यात चढायच्या, असं दोघींचं फोनवर ठरलंय. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खुशाल हिशेब मांडावा. पण त्याआधी एकदा सुभानमंगळावर जाऊन यावं. गावातच आहे, नदीकडं गेलं की लागतो. काकूंनी रविवारी येते म्हणून कबूल केलंय. कुणाला यायचं असेल तर सकाळी लवकर या, ऊन चढायच्या आत.